पहिल्या बर्फाला बोलायचं नसतं

आमच्या दुकानात गिऱ्हाइकासाठी एक लाकडी खुर्ची आहे. तिच्यावर फौजीणकाकू कधी बसल्याचं मला आठवत नाही. यायच्या मात्र रोज, दिवसातून दोनदा तरी. चहा उभ्यानं, गप्पा उभ्यानं, भांडणसुद्धा उभ्यानं. मी म्हणायची, "काकू, टेका की जरा. खुर्चीला काय काटं हायत व्हय?" त्यावर ठरलेलं उत्तर यायचं, "बसलं की अंग गारठतंय, रुक्साना." बाहेर वैशाखाचं ऊन, दुकानातला पंखा गरम हवा फेकतोय, आणि ही बाई गारठायच्या गोष्टी करतेय! माझं डोकंच फिरायचं. पण त्या दिवसभरात आल्या नाहीत तर मीच चार वेळा दारात जाऊन बघून यायची.

आमचं दुकान इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या बाजारात आहे. चादरी, टॉवेल, परकर, आणि दिवाळीनंतर स्वेटर, मफलर, कानटोप्या. मी मूळची बारामतीची, म्हणजे शहरातली, असं मी सासरी आल्यावर बरीच वर्षं मिरवून घेतलं. घर दुकानापासून जरा लांब, जिथं वस्ती संपते आणि ऊस सुरू होतो तिथं. आमच्या भिंतीला भिंत लावून फौजी आप्पांचं घर. आप्पा घरचा ऊस बघायला लागण्याआधी लष्करात गाडी चालवायचे. उत्तराखंडात, पार वर चीनच्या बाजूला, रस्त्याकडेला एक चहाचं दुकान होतं आणि आप्पांची गाडी नेमकी त्या दुकानापाशी बंद पडायची. चहावाल्याच्या मुलीशी लग्न लागलं आणि त्यानंतर ती गाडी एकदाही बंद पडली नाही, असं आप्पांचे जुने सोबती सांगायचे.

ती चहावाल्याची मुलगी म्हणजे आमच्या काकू. माहेरचं नाव देवकी. सासूनं लग्नात बदलून लक्ष्मी ठेवलं, आणि वस्तीनं दोन्ही बाजूला सारून त्यांना नेपाळीण केलं. काकू प्रत्येकीला रस्त्यात अडवून सांगायच्या, "नेपाळ येगळा देश हाय, बाई. आमी तुमच्याच देशातलं. उलट तुमच्या डोक्यावर बसलेलं." शेवटी वस्ती कंटाळली आणि फौजीण म्हणू लागली. मी लग्न होऊन इथं आले तोवर त्या आमच्यापेक्षा अस्सल इंदापुरी बोलत होत्या. फक्त राग आला की हिंदी यायची, आणि फारच राग आला तर त्यांची ती डोंगरातली बोली, जी आप्पांनाही पुरती कळायची नाही. आप्पा म्हणायचे, "न्हाय कळत तेच बरं हाय."

अंगानं बारक्या, पायानं भिंगरी. चालता चालता विणायच्या. लोकरीचा गुंडा कमरेला खोचलेला, दोन्ही हातांत सुया, आणि पाय चालूच. बांधावरून, बाजारातून, दळण घेऊन येताना, कुठंही. त्यांच्या गावाकडे सगळ्या बायका अशाच चढ चढताना विणतात म्हणे. आमच्या वस्तीत त्यांच्या हातचा स्वेटर नाही असं घर नव्हतं. आमच्याकडे थंडी ती किती, मार्गशीर्ष-पौषात पहाटे जरा हुडहुडी भरते, नऊ वाजता ऊन चटकायला लागतं. आणि काकूंचा स्वेटर म्हणजे आत माणूस शिजावा असा. माझ्या नवऱ्यानं, सलीमनं, एकदा तो घालून बारामतीपर्यंत मोटरसायकल चालवली आणि परत येताना काढून डिकीत कोंबून आला. काकूंनी विचारलं, "कसा हाय?" तो म्हणाला, "काकू, घाम यायला लागला." काकू खूश! ऊसतोडीला, कोयत्यावर आलेल्या माणसांच्या कोप्या आमच्या मागच्या रानात पडायच्या. त्यातल्या प्रत्येक तान्ह्या पोराच्या डोक्यावर काकूंची टोपी असायची. त्या बायकांनी मात्र कधी उकडतं म्हणून सांगितलं नाही. उसाच्या पाल्याच्या कोपीत झोपणाऱ्यांना थंडी खरी लागते.

दुकानात नवीन माल आला की काकू एकेक स्वेटर हातात घेऊन, उलटा करून, दोन बोटांत चोळून बघायच्या. मग निकाल. "रुक्साना, ही लोकर न्हाय. ही लोकरीची नुसती आठवण हाय." गिऱ्हाईक समोर उभं असायचं! मी डोळे वटारायची. काकू गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "घ्या, घ्या. तुमाला हितं एवढं बास हाय. हितं कुठं थंडी पडती?"

दिवाळी झाली की त्यांचं सुरू व्हायचं. पहाटे उठून अंगणात उभं राहायचं, नाक वर करून वास घ्यायचा. मेथी, मुळ्याची पानं, भोपळ्याच्या फोडी, जे मिळेल ते वाळवून डबे भरायचे. जळण आणून घराच्या भिंतीला छपरापर्यंत रचायचं. त्यांच्या गावी बर्फ पडलं की रस्ता बंद होतो, त्याआधी सगळं घरात आणून ठेवावं लागतं. ती सवय त्या इथं घेऊन आल्या आणि ती गेलीच नाही. आप्पा डोक्याला हात लावायचे. "अगं बाई, हितं रस्ता बंद हुईत न्हाय! मंडई दोन पावलावर हाय!" एका साली त्या रचलेल्या जळणात नागानं मुक्काम ठोकला. सगळं जळण सर्पमित्राला उपसावं लागलं. काकूंनी शांतपणे सगळं बघितलं, आणि तो नाग घेऊन गेल्यावर पुन्हा रचायला घेतलं. म्हणाल्या, "त्यालाबी हिवाळ्याची सोय पायजेच की."

आणि मग बोलणं. थंडीच्या त्या दोन महिन्यांत काकू माहेरच्या बर्फाबद्दल इतकं बोलायच्या की वस्तीतल्या बायका त्यांना लांबून बघून रस्ता बदलायच्या. मी कुठं जाणार, माझा गल्ला दुकानात. त्यामुळे मला ते सगळं पाठ आहे.

"सकाळी जाग आली की आधी कानाला कळायचं," त्या सांगायच्या. "काय आवाजच न्हाय. नदी ऐकू येत न्हाय, कुत्रं न्हाय, काय न्हाय. मग डोळं उघडायचं. उजेड खालनं यायचा, रुक्साना. रोज उजेड वरनं येतो, त्या दिवशी भुईवरनं यायचा आन् छताला लागायचा. मग कळायचं. ज्याला आधी कळलं त्यानं बोलायचं न्हाय. आमच्या दादीचा नियम व्हता. पहिल्या बर्फाला बोलायचं नसतं. गुपचूप उठायचं, शेजारी निजलेल्याचा हात धरायचा, दारात न्यायचं. त्यानं बघायचं, मग त्यानं दुसऱ्याला आणायचं. आई, बा, काका, काकी, आमी समदी पोरं. शेवटी दादी. ती आंधळी व्हती. तिचा हात धरून दारात आणायचं आन् तिच्या तळव्यावर चिमूटभर ठेवायचं. ती हसली की मग बोलायची परवानगी. आन् मग जो दंगा व्हायचा!"

दंगा म्हणजे काय तर वडील छपरावर चढून लाकडी फावड्यानं बर्फ खाली ढकलायचे आणि पोरं मुद्दाम खाली उभी राहायची. स्वयंपाकाचा पाट पळवून त्यावरून उतारानं घसरायचं. ताज्या बर्फात गूळ किसून घालायचा आणि ते वाटीत घेऊन चुलीपाशी बसून खायचं, पुढून भाजतंय आणि आतून गारठतंय. राखेत बटाटे पुरलेले. ओले मोजे चुलीवर टांगलेले, त्यांचा वास. खालच्या मजल्यावर गाई-शेळ्या, त्यांची ऊब फळ्यांमधून वर यायची. हे सगळं सांगताना काकूंच्या सुया थांबायच्या. तेवढ्याच वेळेला थांबायच्या.

त्यांना आमच्या जुन्या फ्रिजचंही भारी वेड होतं. वरच्या कप्प्यात बर्फ साचलं की त्या चमच्यानं खरवडायच्या, त्यात गूळ घालून माझ्या पोरांना द्यायच्या. स्वतः चिमूटभर तोंडात टाकून तोंड वाकडं करायच्या. "मेलेलं हाय," म्हणायच्या. पोरं वाटी चाटून पुसून संपवायची.

आमच्याकडे ऊस गेल्यावर काही लोक शेतातलं पाचट पेटवतात. त्याची काळी राख वाऱ्यानं उडते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. अशा एका सकाळी काकू अंगणात उभ्या होत्या, आणि ती काळी पानं हळूहळू खाली येत होती. त्यांनी तळहात पुढं केला. एक राखेचं पान त्यावर आलं, त्यांनी मूठ मिटली, काळी भुकटी झाली. मी भिंतीवरून बघत होते. इतकी वर्षं झाली, या बाईला कुणी एकदा माहेरी का नेत नाही, असं वाटलं आणि मला आप्पांचा राग आला.

नेत नव्हते असं नाही. दर दोन-तीन वर्षांनी जायचे, पण मे महिन्यात. कारण हिवाळा म्हणजे आमच्याकडे उसाचा हंगाम. कारखान्याची तोडीची टोळी आपल्या उसात कधी येईल ते आधी नक्की सांगता येत नाही. आली की घरचं माणूस रानात पाहिजे. टोळीला पाणी दाखवायचं, भरलेली ट्रॉली चिखलातून निघेना झाली की दुसरा ट्रॅक्टर आणायचा, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गुरांसाठी कुणाला द्यायचं ते बघायचं. पाळी चुकली की ऊस वाळत उभा राहतो. त्यामुळे दिवाळीपासून होळीपर्यंत ऊसवाला घर सोडत नाही. "तोड आली की जाऊ," आप्पा म्हणायचे. तोड यायची तेव्हा तिकडचं बर्फ वितळलेलं असायचं. लग्नानंतरच्या चाळीसेक वर्षांत काकूंनी माहेर पाहिलं ते हिरवंच. लोक त्यासाठी पैसे खर्चून जातात. काकू परत येऊन म्हणायच्या, "माझं घर मला वळखू आलं न्हाय."

आता गारांचं सांगते. हे सांगायला नको वाटतं, पण याच्याशिवाय काकू कळणार नाहीत.

आमच्या घरांसमोर रस्त्यापलीकडे सुनंदाताईंची डाळिंबाची बाग. सुनंदाताईंचा नवरा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, बाग सगळी बाईनं एकटीनं उभी केलेली. बोलायला फटकळ, कामाला वाघ. त्या साली माल तोडणीला आला होता, व्यापारी बघून गेला होता. दुपारी आभाळ काळं झालं, वारा सुटला, आणि गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या. पत्र्यावर असा आवाज की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. थोड्या वेळानं थांबलं, आणि अंगण, रस्ता, बांध, सगळं पांढरं.

मी दारात आले. काकू अंगणात होत्या, अनवाणी. पदरात गारा भरत होत्या आणि हसत होत्या. साठीच्या जवळ आलेली बाई पोरीसारखी खिदळत होती. आप्पा ओट्यावर आले तर त्यांना एक गार फेकून मारली. आप्पांचा चेहरा पडलेला, ते हातानं खुणावत होते, बास, बास. काकूंना दिसलंच नाही. त्यांनी मूठभर गारा गालाला लावल्या, तोंडात घातल्या, आणि काहीतरी ओरडल्या त्यांच्या डोंगरी बोलीत.

समोर बागेच्या फाटकात सुनंदाताई उभ्या होत्या. डोक्यावर रिकामी पाटी, गारांपासून वाचायला धरलेली. मागं सगळी बाग झोडपलेली, फुटलेल्या डाळिंबांनी जमीन लाल.

"काकी," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आमचं वाटुळं झालं आन् तुमी नाचताय?"

काकूंच्या हातातून पदर सुटला. गारा पायांवर पडल्या. त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मी पहिल्यांदा या बाईला हलायचं विसरलेली बघितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायला काकू बागेत. कुणी बोलावलं नव्हतं. फुटलेलं फळ तसंच पडू दिलं तर कुजतं आणि रोग उरलेल्या झाडांवर चढतो, म्हणून सगळं वेचून लांब नेऊन टाकावं लागतं. काकू वेचत होत्या. सुनंदाताईंनी बघितलं आणि दुसऱ्या ओळीत वेचायला लागल्या. शब्द नाही. असं कितीतरी दिवस चाललं. एकदा मी डबा घेऊन गेले तेव्हा सुनंदाताईंचं एवढंच बोलणं कानावर आलं, "ती पाटी भरली. दुसरी घ्या." माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही.

पण त्या दिवसापासून काकूंनी बर्फाचं नाव काढलं नाही. दिवाळी आली, गेली. जळण रचलं, भाज्या वाळवल्या, सुया चालू. तोंड बंद. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, सुटलो बाई. मला मात्र दुकानात बसवेना. मीच एकदा म्हटलं, "काकू, ते दादीचं सांगा की, हातावर ठेवायचं ते." त्या म्हणाल्या, "सांगून झालंय की तुला." आणि निघून गेल्या. अशा दोन थंड्या गेल्या.

मग एका दिवाळीनंतर भावाचा फोन आला. काकू तडक दुकानात आल्या, आणि मी घडी घालून ठेवलेल्या चादरी उलगडून पुन्हा घडी घालायला लागल्या. चार चादरी झाल्यावर म्हणाल्या, "भाऊ खाली हल्द्वानीला चाललाय, पोराकडं. गुडघं गेलं त्याचं, बर्फ निपटत न्हाय आता. हा हिवाळा शेवटचा. मग दाराला कुलूप."

"मग मे महिन्यात जाऊन या," मी म्हटलं. मूर्खासारखं.

"मे म्हैन्यात काय कुलूप बगायला जाऊ?" त्यांनी चादर फटकन झटकली. "ह्या हिवाळ्यात न्हाय गेले तर मग कुणाच्या दारात हुभी राहून बर्फ बगू, रुक्साना? हाटेलाच्या?"

मी सलीमला सांगितलं, सलीमनं काकूंच्या मुलाला फोन केला. मुलगा, विनायक, पुण्याला कंपनीत. चांगलं पोरगं, फक्त आठवण करून द्यावी लागते. त्यानं दौंडहून दिल्लीची तिकिटं काढली, दोघांची, जानेवारीतली. आप्पाही तयार झाले, कारण तोड त्याआधीच येईल असा सगळ्यांचा अंदाज होता. काकू रोज रानात जाऊन वाट बघायच्या. डिसेंबर गेला. तिकडं पहिलं बर्फ नाही, इकडं तोड नाही. शेजारच्याचा ऊस गेला, पलीकडच्याचा गेला, आप्पांचा उभा. काकूंची येरझार इतकी वाढली की बांधावर पायवाट पडली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तोडीचा निरोप आला. टोळीचा मुकादम स्वतः अंगणात येऊन म्हणाला, "आप्पा, उद्या सकाळी तुमच्या उसाला कोयता लावतोय."

आम्ही सगळे तिथंच होतो. काकूंची बॅग ओट्यावर भरून ठेवलेली, वर भावासाठी विणलेला स्वेटर. आप्पा खांबाला टेकून बसले. म्हणाले, "इनायकला सांग, तिकीट रद्द कर. म्हैनाभरानं जाऊ."

"म्हैनाभरानं बर्फाचा भरवसा न्हाय वो," काकू म्हणाल्या.

"मग काय करू? वर्षाचा ऊस हाय. परत पाळी कवा यायची?"

"तसं न्हाय म्हणत मी." काकूंचा आवाज अगदी साधा होता. "बरोबर हाय तुमचं." आणि त्यांनी बॅगेची चेन उघडली आणि स्वेटर काढून एकेक बाजूला ठेवायला लागल्या. मला रडू यायला लागलं, आणि रागही. आप्पांचा, उसाचा, मुकादमाचा, कुणाकुणाचा राग करणार? मुकादम बिचारा टोपी हातात घेऊन उभा. सलीम म्हणाला, "आप्पा, मी थांबतो तोडीपाशी." आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. सलीमला ऊस फक्त रसवंतीतला माहीत.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून सुनंदाताई आल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण आमच्याकडे काही सांगावं लागत नाही. त्या सरळ ओट्यावर चढल्या, काकूंनी बाहेर काढलेले स्वेटर उचलले आणि परत बॅगेत कोंबले.

"जावा तुमी दोघं," त्या म्हणाल्या. "तोडीपशी मी हुभी राहती."

आप्पा म्हणाले, "अगं, तुझी बाग सोडून..."

"माझी बाग मी एकटीनं हुभी केली. तुमचा ऊस जात न्हाय व्हय माझ्याच्यानं?" मग त्या काकूंकडे वळल्या. मला धडकीच भरली. "काकी, तुमी माझ्या पाट्या भरल्या ते मी इसरले न्हाय. नाचला व्हता तेबी इसरले न्हाय. आता जावा एकदाच्या आन् पोटभर नाचून या तिकडं. न्हायतर परत हितं गारा पडल्या की नाचाल!"

काकूंनी त्यांचा हात धरला. सुनंदाताईंनी थोडा वेळ धरू दिला, मग "सोडा, भाकरी टाकायच्यात," म्हणून सोडवून घेतला.

सकाळी एकीकडे रानात कोयते चालू झाले आणि दुसरीकडे विनायकची गाडी दौंडकडे निघाली. काकूंनी घरातूनच दोन स्वेटर आणि कानटोपी चढवलेली. गाडीत घामानं निथळत होत्या, पण काच खाली करायला तयार नव्हत्या.

त्या परत आल्या, होळीच्या आसपास. पुढं चार-पाच वर्षं जगल्या. तशाच भिंगरी, तशाच उभ्यानं चहा पिणाऱ्या, तशाच माझ्या मालाला नावं ठेवणाऱ्या. तिकडचं कुणी विचारलं तर "बघितलं की," एवढंच म्हणायच्या. आम्हाला वाटलं होतं आता दोन वर्षं कान किटतील, तर काहीच नाही. गेल्या त्या एका कडक उन्हाळ्यात, बारामतीच्या दवाखान्यात, नळ्या लावलेल्या. मी भेटून आले होते. ते रूप मी मनात धरत नाही. शेजारचं घर आता बंद असतं, आप्पा पुण्याला मुलाकडे आहेत. दिवाळी झाली की मला दुकानात बसवत नाही. मी उगाच दारात जाते, आत येते, चादरींच्या घड्या मोडते. सलीम म्हणतो, "काकू चावल्या तुला."

मी धरून ठेवलंय ते त्या जानेवारीतलं. दुकान नुकतंच उघडलं होतं. उसाचे ट्रॅक्टर रस्त्यानं कर्कश गाणी लावून चालले होते. फोन वाजला, आप्पांचा, व्हिडिओ कॉल. आधी नुसता आप्पांचा अंगठा दिसला. मी ओरडले, "आप्पा, अंगठा काढा!" अंगठा बाजूला झाला, आणि पडदा पांढरा. मला वाटलं फोन बिघडला. मग कळलं, ते पडतंय.

एक लाकडी दार, खाली दगडी उंबरा, आणि उंबऱ्यावर काकू. बसलेल्या. हातात सुया नाहीत, लोकर नाही. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. पाठमोऱ्या, जरा वाकलेल्या, आणि हलत नव्हत्या. समोर सगळं पांढरं होतं आणि वरून अजून येत होतं, सावकाश, काही घाई नसल्यासारखं.

"काकू!" मी ओरडले. "काकू, पडलं की वो! दिसतंय मला! काकू!"

त्यांनी मान वळवली. चेहरा ओला होता, बर्फानं का कशानं देव जाणे. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

मी गप्प झाले.

तेवढ्यात सुनंदाताई दुकानात शिरल्या. हातापायाला उसाच्या पाल्याची बोचरी कूस, डोक्याला फडकं, तोंड उघडलेलं. शेवटची ट्रॉली गेली, हेच सांगायला आल्या असणार. मी गल्ल्यामागून उठले. त्यांचा हात धरला आणि त्यांना फोनपाशी आणलं.